शेवटच्या चितेची जागा

डोंगराआडच्या एका खोऱ्यात एकदा मरण यायचे थांबले.

झाले असे, की त्या वर्षी तापाची साथ आली आणि घराघरांतून माणसे उचलू लागली. साथ भरात असतानाच वरच्या अंगाचा एक कडा कोसळला आणि उघड्या पडलेल्या खडकातून पाणी झिरपू लागले. तापाने फणफणलेल्या एका गुराख्याने तहान सोसवेना म्हणून खाली साचलेले ते पोटभर प्यायले. त्याचा ताप तिथल्या तिथे उतरला. दोन दिवसांनी त्याला नाग डसला, तरी तो मेला नाही. तेव्हा गावाला उमगले, की हे पाणी निराळे आहे.

पाणी फार थोडे होते. सकाळपासून भांडे लावून ठेवावे, तेव्हा सायंकाळी एक तांब्या भरे, आणि त्या तांब्याने एकच रोगी उठे. गावात केशवाचे एक प्राचीन देऊळ होते. त्याचे वृद्ध पुजारी आचार्य म्हणून ओळखले जात आणि त्यांचा शब्द गाव मानी. त्यांनी नियम घालून दिला, की जो सर्वांत अत्यवस्थ असेल त्याला आधी पाणी मिळावे. ते आणून पोचवण्याचे काम त्यांनी आपल्या शिष्याला दिले. त्याचे नाव चक्रपाणी. तो तेव्हा तिशीचा होता, पायाने चपळ होता आणि गुरूंच्या पूर्ण विश्वासातला होता. बारा दिवसांत त्याने बारा जीव वाचवले. लोक त्याला वाटेत थांबवून नमस्कार करू लागले.

तेराव्या दिवशी पाळी आली ती त्याच्याच घरातली. थोरला भाऊ त्र्यंबक याची पत्नी म्हाळसा. चक्रपाणीची आई तो आठ वर्षांचा असताना गेली. तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या या वहिनीने त्याला न्हाऊमाखू घातले, मांडीवर घेऊन जेवू घातले. तिला मूल झाले नाही, आणि चक्रपाणी असताना त्याची उणीव वाटत नाही, असे ती चारचौघांत म्हणे.

त्या सायंकाळी तांब्या घेऊन चक्रपाणी कडा उतरत होता. निम्म्या वाटेवर त्याच्या अंगावर शहारा आला. आधी त्याला वाटले, वारा आहे. मग दात वाजू लागले. ही सुरुवात कशी असते ते त्याने बारा घरांत पाहिले होते. तो ओढ्याकाठी थांबला. मनाशी म्हणाला, एकच घोट घेतो, वहिनीला उरलेले पुरेल. त्याने घोट घेतला. भीतीपुढे एक घोट म्हणजे काहीच नसते. थोड्याच वेळात तो रिकाम्या तांब्याकडे पाहत उभा होता आणि अंगातला शहारा ओसरला होता.

घरी येऊन त्याने भावाला आणि तिथे येऊन बसलेल्या आचार्यांना सांगितले, "ओढ्यात पाय घसरला. पाणी सांडलं."

आतल्या खोलीतून वहिनीचे कण्हणे ऐकू येत होते. त्र्यंबकाचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्याने धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. "पाय घसरला, त्याला तू काय करणार? तुझा काय दोष? उद्या आण. तोवर ती काढेल कळ."

म्हाळसेने पहाटे प्राण सोडला. गावातली ती शेवटची चिता. तिसऱ्याच दिवशी खडक दुभंगला आणि पाण्याचा लोटच्या लोट खाली आला. ज्याला हवे त्याने हवे तेवढे प्यावे, इतके पाणी झाले. सगळे गाव प्याले. त्र्यंबक तेवढा ओसरीवर बसून होता. तो पाण्याला शिवेना. तेव्हा चक्रपाणीने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि बळेच त्याच्या तोंडात पाणी ओतले. आपण भावाचा जीव वाचवतो आहोत, या विचाराने त्याला बरे वाटले.

त्यानंतर त्या खोऱ्यात कोणी मेले नाही. कोणी जन्मलेही नाही. त्या पाण्याने एक दिले आणि एक नेले. जो ज्या वयाचा होता, तो त्या वयाचाच राहिला. आचार्यांचे गुडघे त्या दिवशी दुखत होते, ते दुखतच राहिले.

पहिली काही वर्षे गाव आनंदाने नुसते वेडे झाले होते. रोज कोणाकडे ना कोणाकडे पंगत असे. पुढे पंगती थांबल्या. ज्यांच्याशी सगळे बोलून झाले आहे, त्यांच्याबरोबर किती वेळा जेवायचे? दोन शेजाऱ्यांचा बांधावरून तंटा होता, तो नव्वद वर्षे चालला. कारण दोघांपैकी कोणीच मागे हटेना आणि कोणीच जाईनाही. एका घरात नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणे सोडले, त्याला शंभर वर्षे झाली. ते एकाच चुलीवरचे जेवत. माणसे संध्याकाळी दारात येऊन बसत आणि समोर पाहत. समोर काही नसे.

देवळात येणे तर सर्वांत आधी बंद झाले. आजाऱ्यासाठी नवस बोलायचा नव्हता, गेलेल्यासाठी पिंड ठेवायचा नव्हता. गाभाऱ्यात आचार्य पूजा करीत आणि सभामंडपात एकटा चक्रपाणी उभा असे. तोही सवयीने. खरे तर त्याच्या मनाला एक मोठा दिलासा होता, आणि तो त्याने कोणालाच सांगितला नव्हता. लहानपणी त्याने ऐकले होते, की मेल्यावर माणसाला यमापुढे उभे राहावे लागते आणि तिथे खोटे बोलता येत नाही. आता तिथे जाण्याचा प्रसंगच उरला नव्हता. ओढ्याकाठी काय झाले, हे कोणी कधी विचारणार नव्हते.

अशी एकशे साठ वर्षे गेली.

मग एके दिवशी कोंडाजी शेट चार पंचांना घेऊन देवळात आले. शेटांचा गुळाचा व्यापार होता.

"आचार्य, राग मानू नका," शेट म्हणाले. "गूळ उन्हाळ्यात पाघळतो. गाभाऱ्यासारखी थंड जागा साऱ्या गावात नाही. इथं आता येतं तरी कोण?"

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले. "चक्रपाणी, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न आपल्याला कोणी विचारावा, याची जणू तो वर्षानुवर्षे वाट पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, स्पष्ट बोलतो. माणूस देवापुढे हात जोडत होता, कारण त्याला मरायचं होतं. पलीकडे काय आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून कोणीतरी हात धरणारा हवा होता. आता पलीकडे जायचंच नाही. मग तो हात कशाला? शेट म्हणतात ते मला योग्य वाटतं."

पंचांनी माना डोलावल्या. आचार्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि शेटांच्या हातावर ठेवली. कसली अट घातली नाही, वादही घातला नाही. "मूर्ती मात्र मी नेतो," एवढेच म्हणाले.

मूर्ती वीतभर उंचीची, काळ्या पाषाणाची होती. आचार्यांनी यथाविधी तिची अनुज्ञा मागितली, तिला उपरण्यात गुंडाळले आणि उराशी धरून ते पायऱ्या उतरले. चक्रपाणी मागोमाग निघाला. त्याला वाटले, नदीत विसर्जन करतील. पण नदी आली आणि आचार्य काठाकाठाने पुढे चालू लागले. पुढे घाणेरीचे रान माजले होते. त्यातून एक पुसट पायवाट जात होती.

"गुरुजी, हा रस्ता स्मशानाचा आहे," चक्रपाणी म्हणाला.

"ठाऊक आहे मला. अनेकांना पोचवायला आलोय इथं."

 म्हाळसावहिनीला पोचवल्यापासून चक्रपाणी इकडे फिरकला नव्हता. इथे येण्याचे कोणालाच काही कारण नव्हते. सगळीकडे बोराटी आणि गवत असणार, असे त्याने गृहीत धरले होते. पण रान संपले आणि समोर खोलीभर जागा दिसली, अंगणासारखी स्वच्छ झाडलेली. एक गवताची काडी नव्हती तिथे. त्या जागेच्या कडेला हातात खराटा घेऊन त्र्यंबक उभा होता.

दोघा भावांची पुढे वेगळी झालेली घरे भिंतीला भिंत लागून होती. थोरला रोज उजाडता कुठे जातो, हे धाकट्याने एकशे साठ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

त्र्यंबकाने आचार्यांच्या उराशी असलेल्या उपरण्याकडे पाहिले. "आचार्य, इकडे कुठे?"

"देवाला गावात जागा उरली नाही, त्र्यंबका. तुझ्याकडे आहे का?"

 त्र्यंबकाने जिथे चिता रचली होती, तिथली एक सपाट शिळा पदराने पुसावी तशी हाताने पुसली आणि तो बाजूला सरला. आचार्यांनी मूर्ती तिच्यावर ठेवली. मग शिष्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून इथली पूजा तू करायचीस."

परतीच्या वाटेवर चक्रपाणीचा संताप अनावर झाला. "हे काय केलंत गुरुजी? देव स्मशानात? जिवंत माणसांच्या गावात एक कोपरा मिळाला नसता का? आणि मी कशाला? मी तर भर पंचांसमोर म्हणालो, की मला आता देवाची गरज नाही."

आचार्य गुडघा धरून एका दगडावर टेकले. "चक्रपाणी," ते शांतपणे म्हणाले, "त्या संध्याकाळी तू म्हणालास, ओढ्यात पाय घसरला, पाणी सांडलं. तुझं धोतर कोरडं होतं."

घाणेरीच्या रानातून वारा गेला. 

"मी ते पाहिलं," आचार्य म्हणाले, "आणि गप्प राहिलो. ते माझं पाप आहे, तुझं नव्हे. मला वाटलं, आज ना उद्या तू होऊन सांगशील. माणसं निदान मरताना तरी सांगतात. मी किती जणांच्या उशाशी बसून ऐकलंय! मी वाट पाहत राहिलो. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की तुला मरायचंच नाही."

"मग आता सांगून काय उपयोग?" चक्रपाणी कसाबसा म्हणाला. "मी देवाजवळ कबूल करतो. उद्या पूजा करताना करतो."

"देवाला ते ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला सांग."

दुसऱ्या दिवसापासून चक्रपाणी स्मशानात जाऊ लागला. गुरूंची आज्ञा मोडण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते आणि ती पाळण्याचेही नव्हते. तो पूजा उरकी, मान खाली घालून, आणि निघून येई. त्र्यंबक मात्र दिवसेंदिवस मोकळा होत गेला. इतक्या वर्षांनी त्या जागी त्याला कोणाची तरी सोबत मिळाली होती, आणि तीही धाकट्या भावाची. तो रानातली फुले वेचून ठेवी. शिळेभोवती सडा घाली. एकदा म्हणाला, "तू येतोस ते बरं वाटतं रे. मला वाटायचं, तू तिला विसरलास."

नवव्या दिवशी मूर्तीला स्नान घालायचे होते. त्र्यंबक नदीवर गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. "घे," म्हणत त्याने तो भावापुढे धरला.

चक्रपाणीने हात पुढे केले. पण तांब्याला शिवण्याआधीच मागे घेतले. तो खाली बसला आणि मूर्तीकडे न पाहता, भावाच्या पायांकडे पाहत बोलू लागला. शहारा कुठे आला, कुठे थांबलो, एक घोट म्हणता म्हणता तांब्या कसा रिता झाला, सगळे बोलला. काही लपवले नाही.

त्र्यंबकाने तांब्या हळूच जमिनीवर ठेवला. तो ओरडला नाही. हातही उगारला नाही. म्हणाला, "मी तुला म्हणालो होतो, तुझा काय दोष."

"हो दादा."

"एकशे साठ वर्षं मला वाईट वाटायचं, की तो पाय घसरलेला तुझ्या मनाला किती लागत असेल. म्हणून मी तिचा विषयच तुझ्यापुढे काढला नाही."

चक्रपाणीने कपाळ जमिनीला टेकवले.

"त्या रात्री ती काय विचारत होती, ठाऊक आहे? सारखं एकच. 'भावजी आले का? भावजी आले का?' मी म्हणायचो, येईल, येईल. तू शेजारच्या खोलीत होतास."

"दादा, मला क्षमा..."

"तो शब्द काढू नकोस." आता त्र्यंबकाचा आवाज फुटला. "ती माझ्या हातात नाही. द्यायची तर तिने द्यायची. आणि ती कुठे आहे? मी तिच्यामागे गेलो असतो. तू माझं डोकं मांडीवर घेऊन मला पाणी पाजलंस. ती आहे तिथे आता मला जाता येत नाही, आणि तुलाही येत नाही. जा इथून."

चक्रपाणी उठला आणि धडपडत गुरूंकडे आला. देवळाच्या ओसरीवर आचार्य बसले होते. आतून गुळाचा वास येत होता.

"सांगितलं," तो म्हणाला. "क्षमा मिळाली नाही. मिळणारही नाही. जिने द्यायची, ती तिकडे गेली. मरणारा माणूस म्हणू तरी शकतो, की तिकडे गेल्यावर तिचे पाय धरीन. मला तेवढंही उरलेलं नाही. गुरुजी, हे असंच राहणार. उद्याही, आणि हजार वर्षांनीही." आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

आचार्यांनी त्याला रडू दिले. मग ते म्हणाले, "तू पंचांना म्हणालास, देव मरणाच्या भीतीसाठी होता. गावाचा देव तसाच होता. तो गेला, त्याचं मला दुःख नाही. पण बाळा, मरण होतं तेव्हा माणसाला पुष्कळ गोष्टी फुकट मिळत. त्याचे अपराध त्याच्याबरोबर जळून जात. ज्याचा अपराध केला तोही एक दिवस जाई. काळ सगळं झाकून टाकी. आता काही झाकलं जाणार नाही. जे केलंय ते अंगावर घेऊन रोज सकाळी उठायचं, आणि त्या सकाळींना अंत नाही. ते माणसाला एकट्याने पेलवेल, असं तुला वाटतं? तुझा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. तुझ्या दादाचाही पोचत नाही. जिथे आपल्यापैकी कोणाचाच हात पोचत नाही, तिथे मी मूर्ती ठेवली. तिथे जाऊन तुझ्या वहिनीला सांग. तिथून पुढे ते कोणी नेतं की नाही, मला माहीत नाही. मला तेवढं माहीत असतं, तर मी त्याला श्रद्धा म्हटलं नसतं."

चक्रपाणीने डोळे पुसले. त्याला समाधान वाटले असे नाही. पण पंचांपुढे आपण किती सहज बोलून गेलो, हे त्याला कळले, आणि आयुष्यात प्रथमच त्याला देवाची अशी गरज वाटली, जी भीतीतून आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा स्मशानात गेला. त्र्यंबक तिथेच होता. त्याने भावाकडे पाहिले नाही. तो खराट्याने झाडत राहिला. चक्रपाणीने नदीवरून स्वतः पाणी आणले, मूर्तीला स्नान घातले आणि हात जोडले. मंत्र आठवत होते, पण तो ते म्हणाला नाही. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मी आलोय. उशीर झाला."

खराट्याचा आवाज थांबला.

चक्रपाणी तसाच बसून राहिला. ऊन वर आले. बऱ्याच वेळाने पावले वाजली आणि त्र्यंबक मूर्तीच्या पलीकडच्या बाजूला, हातभर अंतर ठेवून, येऊन टेकला.  दुपार व्हायला आली तेव्हा थोरला उठला आणि पाठमोरा होऊन म्हणाला,

"उद्या तगरीची फुलं आण. तिला आवडायची."

"आणतो."

गावात तगर आता कोणाच्या परसात उरली आहे, हे चक्रपाणीला माहीत नव्हते. तो दारोदार विचारत हिंडला. संध्याकाळच्या उन्हात माणसे दारात बसली होती. "तगर?" ती आश्चर्याने म्हणत. "कोणासाठी?" ज्याने ज्याने विचारले, त्याला त्याने आधी तिचे नाव सांगितले, आणि मग उरलेलेही सगळे सांगितले.